परकी आणि अनट्रेन्ड

अमरावतीच्या शाळेत मला दोन विशेषणं चिकटली होती. एक ‘परकी’ आणि दुसरं ‘अनट्रेन्ड’. गोव्याहून आले म्हणून परकी, आणि मास्तरकीचं सर्टिफिकेट नाही म्हणून अनट्रेन्ड. दोन्ही खरी होती, म्हणूनच दोन्हींचा मला सारखा राग यायचा. कुणी खोटं बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि गोव्यात पोर्तुगिजांचं राज्य होतं. फोंड्याकडच्या आमच्या गावात मी मराठी शाळेत शिकले आणि वडिलांच्या हट्टापायी ‘सेगुंद ग्राव’ नावाची पोर्तुगीज परीक्षाही दिली. तिचा दाखला मी ट्रंकेत तळाशी, लुगड्याच्या घडीत ठेवून आणला होता. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेने, तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “यात काय लिहिलंय हे तुझ्याशिवाय अमरावतीत कोण सांगू शकेल?”

“कोणी नाही,” मी म्हटलं.

“मग हा पोळपाटाखाली घाल, हलणार नाही,” असं म्हणून त्यांनी मला चौथीच्या वर्गावर पाठवलं. मोठ्या बाई पुण्याच्या. लहान वयात विधवा होऊन मग शिकलेल्या. त्यांच्या जिभेला धार होती, पण एकदा कुणाला आपलं म्हटलं की त्या सोडत नसत. हे दुसरं मला फार उशिरा कळलं. पहिलं पहिल्याच दिवशी कळलं.

मी इतक्या लांब का आले, याचं उत्तर सोपं आहे. वडील गेल्यावर घर भावाचं झालं. कागदावर ते त्याचंच होणार होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण आई स्वतःच्या स्वयंपाकघरात वहिनीला विचारून मीठ घेऊ लागली. तिचं जेवण सगळ्यांच्या मागून, एकटीचं होऊ लागलं. भाऊ वाईट नव्हता. तो फक्त पाहत नसे, आणि न पाहण्याची त्याला छान सवय लागली होती. एक दिवस मी आईला म्हटलं, “मी नोकरी धरते आणि तुला घेऊन जाते.” आई म्हणाली, “बरं.” लहान मुलाने चंद्र आणून देतो म्हटल्यावर आपण जसं ‘बरं’ म्हणतो, तसं म्हणाली. त्या ‘बरं’ने मला जास्त पेटवलं.

माझ्या मावशीचे यजमान बडनेऱ्याला रेल्वेत तारबाबू होते. त्यांच्या क्वार्टरमध्ये माझी सोय झाली आणि त्यांच्याच ओळखीने शाळेत जागा मिळाली. रोज सकाळी बडनेऱ्याहून अमरावतीला गाडीने जायचं, संध्याकाळी परत. नोकरी हंगामी. सर्टिफिकेट घेतलं तर पक्की, आणि पक्की झाली तर शाळेमागच्या चाळीतली एक खोली राहायला. ती खोली मी रोज बाहेरून पाहायचे. एक खिडकी, एक दार, पुढे कडुलिंब. आई त्या दारात बसलेली मला स्पष्ट दिसायची.

वर्गातल्या मुलींनी मला पहिला आठवडाभर नीट ऐकून घेतलं आणि मग एकीने हात वर करून विचारलं, “बाई, तुमी अशा गाणं म्हटल्यासारक्या काहून बोलून राहिल्या?”

मी चिडले. आम्हा गोव्याकडच्या माणसांना वाटतं की आपली मराठी पोथ्यांतली, म्हणजे शुद्ध. त्यांच्या ‘मले-तुले’ला मी रोज दुरुस्त करत होते आणि इथे ही चिमुरडी मलाच दुरुस्त करायला निघाली होती. मी तिला उभं केलं. ती मजेत उभी राहिली. वऱ्हाडी माणूस तोंडावर बोलतो आणि बोलून मोकळा होतो, त्यात अपमान नसतो, हे समजायला मला एक पावसाळा लागला. मोठ्या बाईंना, त्या म्हणाल्या, दोन लागले होते.

पहिलं वर्ष सरताना शिक्षण खात्याचा हुकूम आला की अनट्रेन्ड शिक्षिका पुढे ठेवता येणार नाहीत. ज्यांना राहायचं असेल त्यांनी बाहेरून परीक्षा द्यावी. लेखी पेपर आणि परीक्षकासमोर एक पाठ. मी अर्ज घेऊन खात्याच्या कचेरीत गेले. तिथले हेडक्लार्क अमरावतीजवळच्याच खेड्यातले. काळा कोट, कपाळाला गंध, आवाज बाजारात शोभेल असा.

“बाई, हे नाई जमत,” ते म्हणाले. “तुमी पोर्तुगीज प्रजा. परीक्षेले बसाले ब्रिटिश प्रजा लागते. परका असन तं नागपूरची मंजुरी लागते.”

“मग मंजुरी मागवा.”

“मांगवीन. पन भेटते का नाई, ते मी सांगत नाई. लय जन येतेत नं वापस जातेत.”

आता, आमचे मावसे तारबाबू असले तरी त्यांना कायद्याची भारी हौस. रविवारी जेवताना ते असं काही काही सांगत. वऱ्हाड मुळात हैदराबादच्या दरबाराचं, इंग्रजांनी ते कायमच्या पट्ट्याने घेतलंय, राज्य चालवतात पण मालकी कागदावर अजून तिकडचीच, हे त्यांनी आमटीत भात कालवता कालवता आम्हाला समजावलं होतं. मावशीने तेव्हा जांभई दिली होती. मी ऐकून ठेवलं होतं.

“साहेब, तुम्ही कोणाची प्रजा?” मी विचारलं.

“म्हंजे?”

“वऱ्हाड तर हैदराबादचं. इंग्रजांकडे पट्ट्याने आहे. मग कायद्याने तुम्हीसुद्धा ब्रिटिश प्रजा नाही.”

आजूबाजूच्या टेबलांवरचे टाक थांबले. हेडक्लार्कांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, साहेब येतोय का ते.

“हे कोनं सांगतलं तुमाले?”

“खोटं आहे का?”

“खोटं नाई. पन कचेरीत हे असं बोलाचं नसते, बाई.” आणि मग ते असे हसले की शेजारच्या खोलीतला शिपाई पाहायला आला. “बसा. आपन दोघंबी परकेच. चहा घेता का?”

चहा घेतला. अर्जावर शिफारशीच्या दोन ओळी त्यांनीच लिहिल्या. नागपूरची मंजुरी यायला पुरे चार महिने लागले, आणि त्या काळात मी कचेरीत इतक्या चकरा मारल्या की शिपाई मला पाहिलं की लांबूनच मान हलवून ‘नाही’ सांगायचा. शेवटी एक दिवस त्याने मान उभी हलवली.

लेखी परीक्षा झाली, पास झाले. पाठांतरात मी कधीच मागे नव्हते. राहिला पाठ. तो अकोल्याच्या एका शाळेत, अनोळखी वर्गावर घ्यायचा होता. विषय खात्याने ठरवून दिला, ‘वऱ्हाडची ठेवण’. म्हणजे उत्तरेला मेळघाटचे डोंगर, मधे पूर्णेच्या दोन्ही बाजूंचा सपाट पयनघाट, दक्षिणेला बालाघाटचा चढ. वऱ्हाडच्या मुलींना वऱ्हाड शिकवायचं, आणि ते मी. विषय वाचून मावसे म्हणाले, “खात्यात कुणीतरी विनोदी माणूस आहे.”

मी ठरवलं की नुसता फळ्यावरचा नकाशा नको, मातीचा करायचा. डोंगर हाताला लागले पाहिजेत, नद्या दिसल्या पाहिजेत. मातीकामात माझा हातखंडा. गावी चतुर्थीची मूर्ती आमच्या घरात बनायची आणि मी लहानपणापासून वडिलांच्या शेजारी बसून मातीशी खेळलेली. मावसे जुन्या खोक्याची रुंद फळी घेऊन आले. रुळांपलीकडे शेत होतं, तिथून मी घमेलंभर माती आणली. काळीभोर, लोण्यासारखी. पाणी घातलं की बोटांना अशी धरायची की सोडू नये. आमच्या लाल मातीला असा चिकटपणा नाही. मी खूश होऊन मावशीला म्हटलं, “काय माती आहे गं इथली! सोनं आहे.” मावशीचं सगळं आयुष्य रेल्वेच्या विटांच्या घरांत गेलेलं. तिनेही मान डोलावली.

मेळघाट उभा केला, गाविलगडाला टोक काढलं. पूर्णेला निळीची रेघ, पूर्वेच्या कडेने वर्धा नदी. वर्धेकाठी कौंडण्यपूरला तांदळाएवढं देऊळ. वरूडला शेंदराचे ठिपके, संत्र्यांच्या बागा म्हणून. ओल्या फडक्याखाली ठेवलं होतं, एक रेघ हलली नव्हती. चैत्र संपत आला होता. परीक्षेच्या सकाळी रंगाचा शेवटचा हात दिला, वर कोरडं फडकं बांधलं आणि फळी मांडीवर घेऊन बडनेऱ्याला अकोल्याची गाडी पकडली. खिडक्यांतून भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा येत होता. समोर बसलेल्या बाईने विचारलं, “देव हाय का?” मी म्हटलं, “तसंच समजा.” त्या बाईने फडक्याला हात लावून नमस्कार केला.

अकोल्यात टांगा करून शाळेत पोचले. परीक्षक नागपूरचे, पन्नाशीचे, सोनेरी काडीचा चष्मा, बोलणं अगदी मऊ. माझं पाठाचं टाचण त्यांनी मागून घेतलं. कोणता प्रश्न कधी विचारायचा, फळ्यावर काय लिहायचं, शेवटी उजळणी कशी घ्यायची, असं सगळं त्यात मांडलेलं असायचं आणि पाठ त्याबरहुकूमच व्हावा लागायचा. ते मागच्या बाकावर जाऊन बसले. मी दोन शब्द बोलून टेबलावरच्या फळीचं फडकं काढलं.

वऱ्हाडला तडे गेले होते.

एक नव्हे, जाळंच्या जाळं. मोठा तडा सगळ्या पयनघाटातून गेला होता, त्यात करंगळी गेली असती. पूर्णा दोन ठिकाणी तुटली होती. मेळघाट सुटून एका बाजूला कलला होता आणि कौंडण्यपूरचं देऊळ वर्धेपलीकडे जाऊन पडलं होतं. सकाळी मी हे धड, अख्खं असं फडक्यात बांधलं होतं. खरं सांगते, त्या क्षणी मला आई दिसली नाही, खोली दिसली नाही, काहीच दिसलं नाही. फक्त ते तडे दिसले.

मुली आधी बाकांवरून वाकून पाहू लागल्या. मग मागून खिदळण्याचा आवाज आला. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि माझी कीव येऊन म्हणाली, “बाई, हे तुमी काळीचं बनवलं काय?”

“काळीचं म्हणजे?”

“काळी म्हंजे वावराची माती. काळीचं काई नाई बनवत, बाई. फाटते ते.”

“मग कशाचं बनवतात?”

आता अख्खा वर्ग बोलायला लागला. घर पांढरीच्या मातीचं असतं. गाव ज्या जागेवर वसलेलं असतं ती पांढरी. काळी पेरायची आणि पांढरीवर राहायचं, हे कोणालाही माहीत असतं. काळीवर भिंत घातली तर उन्हाळ्यात फाटते आणि पावसाळ्यात फुगते. चूलसुद्धा काळीची कोणी घालत नाही. मी गोव्याहून येऊन वर्षाहून जास्त या मातीवर चालत होते आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कारण हे सांगायचं असतं हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

मी टाचणाकडे पाहिलं. त्यात पुढचा प्रश्न होता, ‘वऱ्हाडच्या उत्तरेस कोणते डोंगर आहेत?’ मी तो विचारला नाही. मी विचारलं, “तुमच्या वावरातही अशाच भेगा पडतात?”

“याच्याहून मोठ्या. आमच्या वगारीचा पाय गेला व्हता अंदर.”

“आणि पाऊस आला की?”

“बुजून जातेत. मंग पाय टाकला तं जोडा तिथंच राह्यते.”

“मग मेळघाटात अशी माती आहे का?” नाही, तिथे मुरूम, एक जण म्हणाली, आमच्या मामाचं गाव तिकडेच. “मग कापूस इथेच का पिकतो?” इथून पुढे मी काय काय विचारलं ते मला सलग आठवत नाही. एवढं आठवतं की मुली बाकं सोडून टेबलाभोवती आल्या होत्या, एक जण तड्यात बोट घालून खोली दाखवत होती, दुसरी तिला म्हणत होती की हात काढ, बाईंचा नकाशा आणखी मोडेल. माझा घाम वाळला होता. इतका चांगला तास मी तोवर कधी घेतला नव्हता. घंटा झाली तेव्हा आम्ही पयनघाटातच होतो.

परीक्षकांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. “टाचणात एक आहे, वर्गात दुसरंच झालं,” ते मऊ आवाजात म्हणाले. “उत्तरं मुलींनी चांगली दिली. पण प्रश्न टाचणात नव्हते, फळ्यावर काही लिहिलं नाही, उजळणी झाली नाही. आणि बालाघाट तर राहूनच गेला.”

मी नापास झाले.

परतीच्या गाडीत फळी मांडीवर घेतली नाही, बाकाखाली सरकवली. बडनेऱ्याला घरी आल्यावर अंगणात नेऊन ती उपडी केली आणि वऱ्हाडचा पायाने भुगा केला. मावशी दारातून पाहत होती. ती म्हणाली, “आता झालं ना समाधान? मग जेवायला चल.” जेवताना मी रडले. दुःखाने नाही, संतापाने रडले. मावसे म्हणाले की वरच्या कचेरीत तक्रार करता येते. मला तक्रार नको होती. मला सर्टिफिकेट हवं होतं.

मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, “नापास झालं की पुन्हा बसायचं असतं. दिवाळीनंतर पुन्हा पाठ आहेत, या वेळी अमरावतीत. तोवर तुझी जागा मी धरून ठेवते. त्यानंतर माझ्याच्याने होणार नाही, कमिटीने दुसरीचं नाव काढलंय.” मग जाता जाता वळून म्हणाल्या, “तुझा पाठ मला आवडला असता. पण मी परीक्षक नाही.”

त्याच उन्हाळ्यात आमच्या गावचा एक नातलग कामानिमित्त नागपूरला जाताना बडनेऱ्याला उतरला. सगळ्यांची खुशाली सांगून झाली. आईचं विचारलं तर म्हणाला, “बरी आहे. आता ती मागच्या पडवीत निजते, सुपारीची पोफळं सोलून ठेवतात तिथे. तिलाच बरं वाटतं म्हणे, वारा लागतो.” मागच्या पडवीला पावसाळ्यात तिन्ही बाजूंनी झड लागते. ते त्यालाही माहीत होतं, मलाही. तो खाली पाहून चहा प्यायला. त्या दिवसापासून माझ्या मनातून उरलीसुरली कुरकुर गेली. पाठ चांगला की वाईट, परीक्षक शहाणा की मूर्ख, हे सगळं मी बाजूला ठेवलं. बालाघाट तर बालाघाट. उजळणी तर उजळणी. मला ती खोली हवी होती.

मी टाचण नव्याने लिहिलं आणि आमच्याच चौथीवर ते घटवलं, इतकं की मुली कंटाळून म्हणायच्या, “बाई, हे तं काल झालं.” सुट्टीच्या दिवशी हिंडले. वरूडला जाऊन संत्र्यांच्या बागा पाहिल्या, ठिपके कुठे द्यायचे ते कळलं. आणि पांढरीची माती शोधली. माझ्या वर्गातल्या एका मुसलमान मुलीचे वडील बैलगाड्यांची चाकं बनवत. त्यांचं मूळ गाव बडनेऱ्यापासून जवळच होतं. ते म्हणाले, “माती काय, पूरा गाव दिखाता हूँ, चला.” दिवाळीच्या आधी, ऊन उतरल्यावर, ते, त्यांची मुलगी आणि मी त्यांच्या गावी गेलो.

गावाच्या कडेला पडक्या घरांचा उंचवटा होता. पांढुरकी, भुसभुशीत, जुन्या भिंतींची माती. खणायला लागणार तेवढ्यात बाजूच्या ओट्यावरून एक म्हातारबाबा उठून आले. गावची पांढरी न विचारता न्यायची नसते, हे मला नव्याने कळलं. मी माफी मागितली आणि सगळं सांगितलं. परीक्षा, नकाशा, अकोला, तडे. काळीचा नकाशा केला म्हटल्यावर ते आधी पोटभर हसले.

“कोन्या गावच्या तुमी?”

“गोव्याची.”

“ते कुठी आलं?”

“समुद्राकडे. लांब.”

“नं इथं पांढरी मांगाले आल्या,” ते म्हणाले. “मंग राहाले आल्या म्हना की. न्या. पन भुसा मिसळजा, नाईतं तेबी उकलन.” त्यांनीच कोणालातरी हाक मारून टोपलंभर भुसा मागवला. परत येताना चाकवाले भाई मुलीला म्हणाले, “तेरी बाई आज चुप क्यों है?” मुलगी म्हणाली, “परीक्षा हाय नं.”

पांढरीचा नकाशा झाला. भुसा घातला, सावलीत वाळवला, उन्हात ठेवला, पुन्हा वाळवला. मेळघाट जागेवर, पूर्णा अखंड, देऊळ नदीच्या बरोबर काठावर. तडा नाही.

परीक्षक तेच. तोच चष्मा, तोच मऊ आवाज. माझ्याकडे पाहून त्यांनी ओळख दाखवली नाही, की त्यांना आठवलंच नाही, सांगता येत नाही. वर्ग अनोळखी शाळेतला. मी टाचणाप्रमाणे सुरुवात केली. उत्तरेस कोणते डोंगर? मेळघाटचे. मध्यभागी कोणती नदी? पूर्णा. ती कोणत्या दिशेला वाहते? पश्चिमेला. मी फळ्यावर लिहिलं, मुलींनी उतरवून घेतलं. पयनघाटाशी आल्यावर मधल्या बाकावरची एक मुलगी आपणहून उठली आणि म्हणाली, “बाई, आमच्या वावरात नं…”

“नंतर,” मी म्हटलं.

ती बसली. मला वाईट वाटलं. तिचा उतरलेला चेहरा मी पाहिला आणि तरी थांबले नाही. बालाघाट यायचा होता. बालाघाट आला, पैनगंगा आली, उजळणी झाली, आणि घंटा बरोबर शेवटच्या प्रश्नावर झाली. घड्याळ लावून घेतल्यासारखा पाठ. कोणी हसलं नाही, कोणी बाक सोडलं नाही.

व्हरांड्यात परीक्षक म्हणाले, “आता झाला पाठ.”

मी तोंड आवरायला हवं होतं. मावशीने सकाळी देवापुढे उभं करून तेवढंच बजावलं होतं. पण ते मला कधी जमलेलं नाही. “साहेब,” मी म्हटलं, “पहिला चांगला होता.”

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, गेलं सर्टिफिकेट. या एका वाक्यासाठी आईला पडवीत ठेवलं मी.

“होता,” ते म्हणाले. “तसे पाठ आता घ्या. तुम्हाला कोण अडवणार आहे?”

सर्टिफिकेट आलं ते हेडक्लार्कांनी शिपायाकडे न देता स्वतः शाळेत आणून दिलं. मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या शाळांत शिकवायला लायक, असं त्यावर इंग्रजीत होतं. “घ्या बाई,” ते म्हणाले, “आता तुमी पक्क्या. मी अजून तसाच.” मोठ्या बाईंनी ते खिडकीशी नेऊन शब्दन् शब्द वाचलं, घडी घातली आणि खोलीच्या किल्लीबरोबर माझ्या हातात दिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं असं मला वाटतं. त्यांना विचारण्याची सोय नव्हती.

नाताळच्या सुट्टीत मी आईला आणायला गेले. भाऊ म्हणाला, “अगं, इतकी घाई काय?” मी म्हटलं, “घाई नाही, उशीर झालाय.” आई गाठोडं बांधून पडवीत तयार बसली होती. कधीपासून बसली होती कोण जाणे. सरहद्दीवर पोर्तुगीज शिपायांनी ते गाठोडं सोडून पाहिलं, तिने पुन्हा बांधलं. ती याआधी कधी गोव्याबाहेर पडली नव्हती. गाडीत ती खिडकीपासून लांब बसली, आणि बडनेऱ्याला उतरेपर्यंत तिने मला एकही प्रश्न विचारला नाही.

खोलीत आल्यावर मात्र तिने गाठोडं सोडलं नाही. दाराशी ठेवलं. अंगावरचं लुगडं धुवायची, तेच वाळवून पुन्हा नेसायची. जेवायची तीही अंग चोरून. मी शाळेतून यायचे तर ती दाराशी, गाठोड्याजवळ. असे काही दिवस गेले. शेवटी मी चिडले. “आई, ते सोड की आता. माणूस स्टेशनावर बसतं तशी काय बसतेस?”

ती म्हणाली, “राहायचं नक्की ठरलंय का?”

मी ट्रंक उघडली आणि सर्टिफिकेट तिच्यापुढे धरलं. तिला कुठलीच अक्षरं येत नव्हती, इंग्रजी तर दूरच. तिने ते हातात घेतलं नाही, नुसतं वाकून पाहिलं.

“यात माझं नाव आहे?”

“नाही. माझं आहे.”

“मग मला कोणी जा म्हटलं तर?”

वर्षभर मी कचेरीत, व्हरांड्यात, गाडीत इतकी उत्तरं दिली होती. हे मात्र मला कोणी विचारलं नव्हतं. “तुला जा म्हणायचं तर आधी मला म्हणावं लागेल,” मी म्हटलं. “आणि मला आता कोणी म्हणू शकत नाही. सरकारसुद्धा नाही.”

आईने गाठोडं ओढून मांडीवर घेतलं आणि गाठ सोडायला लागली. गाठ फार आवळलेली होती, मी मदत करू लागले तर तिने माझा हात बाजूला केला. आत दोन लुगडी होती, वडिलांचं एक उपरणं आणि सुक्या आमसुलांची पुरचुंडी.

“एक दोरी बांधून दे,” ती म्हणाली. “लुगडी वाळत कुठे घालू मी?”